मिठाखालचं वय : सांभर ते कालीबंगा, पाच दिवस

दिवस पहिला : सांभर

फुलेरा जंक्शनला पहाटे उतरलो तेव्हा कानटोपीतूनही थंडी आत शिरत होती. भाची जीप घेऊन आली होती. खाऱ्या तलावांच्या गाळावर तिचं पीएचडीचं काम चालू आहे. मी मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लोणार आमच्यापासून तासाभराच्या आत, त्यामुळे खारं पाणी आणि त्याचा तो उग्र वास लहानपणापासून ओळखीचा. "मामा, तुम्हाला लोणारचं एवढं वेड आहे, तर थरच्या वाळवंटातले खारे तलाव बघायला चला," असं ती दोन वर्षं म्हणत होती. या जानेवारीत जमलं.

सांभर गावातून बाहेर पडलं की जमीन एकदम सपाट आणि पांढरी होते. लांबून पाणी वाटतं, जवळ गेल्यावर मीठ. मिठागरांना इथे 'क्यार' म्हणतात आणि मिठाला 'लूण'. आमच्या लोणारमधलं लवण ते हेच. क्यारांतलं पाणी गुलाबी दिसत होतं. खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या शेवाळाचा आणि जिवाणूंचा तो रंग. पलीकडे रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. २०१९च्या नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर बॉट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने, हजारो पक्षी मेले होते. जीपवाले भाईसा त्या दिवसांबद्दल दोनच वाक्यं बोलले आणि गप्प झाले.

दुपारी शाकंभरी देवीच्या देवळात गेलो. देवीने इथल्या वनाची चांदी केली. त्या चांदीपायी भांडणं लागतील म्हणून लोक घाबरले आणि त्यांनीच विनवणी केली, मग चांदीचं मीठ झालं, अशी इथली कथा. गावात देवयानीचं कुंड आहे, शर्मिष्ठेच्या नावाचंही तळं आहे. ययातीची गोष्ट मराठी माणसाला घरातली वाटते, त्यामुळे त्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसलो. उसनं तारुण्य घेणाऱ्या राजाची ही जागा. गाळाचं खरं वय शोधायला निघालेल्या माणसाने प्रवास इथून सुरू करावा, हे मला फार योग्य वाटलं.

संध्याकाळी क्यारांच्या कडेला भाचीने चिखलाचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. वर पांढरा पापुद्रा, खाली राखाडी, त्याखाली काळा. मी बरोबर नेलेल्या बाटलीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब राखाडी भागावर टाकला. फस्सकन फेस आला. म्हणजे कार्बोनेट. "बघा," ती म्हणाली, "या फेसातच आमचं सगळं दुखणं आहे."

दिवस दुसरा : डीडवाना

सकाळी कुचामनवरून डीडवान्याला निघालो. रस्ताभर ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. तिचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो.

हवेच्या वरच्या थरात विश्वकिरणांमुळे नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होत राहतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून झाडात जातो, झाडातून प्राण्यात. जीव मेला की नवी भरती बंद होते आणि असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला मोजायचा आणि वय काढायचं. शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी १९४९मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६०मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. पण एक गोष्ट मी कधी शिकवली नाही, कारण मलाच तिचं महत्त्व कळलं नव्हतं: हे गणित त्या जीवाने कार्बन थेट हवेतून घेतला असेल तरच लागू पडतं.

तलावातलं शेवाळ आणि पाणवनस्पती कार्बन घेतात तो पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून. थरच्या वाळूखाली जागोजागी चुनखडीच्या कंकराचे थर आहेत. भूजल त्यांतून झिरपतं, कंकर विरघळवतं आणि तलावात येतं. कंकर फार जुना असेल तर त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. असा 'मेलेला' कार्बन खाऊन वाढलेलं शेवाळ आज सकाळी जन्मलं तरी यंत्र त्याला शेकडो वर्षांचं म्हणतं. मी जीपमध्येच आकडेमोड केली. दहा टक्के मेलेला कार्बन मिसळला तर वय साधारण ८५० वर्षांनी वाढतं. बारा टक्के असेल तर हजारावर.

ही चूक कायम एवढीच राहत असती तर वजा करून मोकळं होता आलं असतं. पण तलाव उथळ आणि पसरट असतो तेव्हा वारा पाणी ढवळतो, हवेतला ताजा कार्बन मिसळतो, चूक कमी होते. भूजलावर जगणाऱ्या तलावात ती वाढते. खारा तलाव तर पावसाच्या मर्जीने कधी भरतो, कधी आटतो. त्यामुळे वरच्या थराला लागू असलेली वजाबाकी दोन मीटर खाली लागू होईलच असं नाही. शिवाय तळ कोरडा पडला की वारा वरची माती उडवून नेतो. काही शतकांची पानंच फाटून जातात आणि वरचं-खालचं पान एकमेकांना चिकटून बसतं.

डीडवान्याचं सर, म्हणजे खारा तलाव, दुपारच्या उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हतं. इथल्या गाळाने शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरापासूनची कहाणी जपली आहे. तेव्हा मॉन्सून क्षीण होता आणि तळाशी नुसतं मीठ साचत होतं. पुढे पाऊस वाढला, पाणी गोडं झालं, मग पुन्हा आटलं.

गावाजवळच्या १६-आर नावाच्या टेकाडालाही पाय लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांच्या कामामुळे हे नाव पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना माहीत झालं. वाळूच्या या टेकाडात अठरा मीटरपेक्षा खोल खणून त्यांनी अश्मयुगीन हत्यारं आणि कंकराचे थरामागून थर उघडे केले. इतक्या जुन्या मामल्यात कार्बन-१४ हात टेकतो, साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरतच नाही. तिथे वाळूच्या कणांची दीप्ती मोजणाऱ्या पद्धती कामी आल्या. मी कंकराचा एक खडा उचलला, आम्लाचा थेंब टाकला. पुन्हा तोच फेस.

दिवस तिसरा : बीकानेर

दिवसभर प्रवास, आणि मधल्या एका ढाब्यावर बाजरीची रोटी, कढी, केर-सांगरी. लसणाची चटणी आमच्या ठेच्याच्या जवळपास जाते.

रात्री बीकानेरच्या धर्मशाळेत भाचीने गेल्या वर्षीचा अनुभव सांगितला. तिने काढलेले ओले नमुने जिथे ठेवले होते तिथे थंडावा टिकला नाही आणि महिन्याभरात गाळावर बुरशी धरली. बुरशी आजची, तिचा कार्बनही आजचा. पाच हजार वर्षांच्या नमुन्यात असा पाच टक्के ताजा कार्बन शिरला तर वय तीनशे-साडेतीनशे वर्षांनी कमी दिसतं. म्हणजे कंकर वय वाढवतो आणि बुरशी घटवते. एका नमुन्यात दोन्ही झालं, तर उत्तर योगायोगाने बरोबरही दिसेल, आणि ते सगळ्यात वाईट. अकरा नमुने तिने टाकून दिले. सांगताना तिचा आवाज बसला होता. एका पीएचडीच्या वर्षाला अकरा नमुने म्हणजे काय, हे ज्याने गाळ उपसला आहे त्यालाच कळेल.

दिवस चौथा : लूणकरणसर

बीकानेरहून सूरतगढच्या रस्त्याने दीडएक तास. आता इथे कालव्याचं पाणी आहे आणि भुईमूग इतका पिकतो की लोक या गावाला राजस्थानचं राजकोट म्हणतात. वाळूच्या टेकड्यांमध्ये खोलगट बशीसारखं सर पडलेलं आहे. जानेवारीत बहुतेक कोरडं, मध्यभागी टाचभर पाणी.

याच बशीने हडप्पा संस्कृतीबद्दलचा मोठा वाद उभा केला. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतले परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना आणि लूणकरणसरच्या गाळातले परागकण मोजले आणि १९७१मध्ये मांडलं, की इ.स.पू. ३०००च्या सुमारापासून पुढे या भागात पाऊस चांगला होता, त्यावर सिंधू संस्कृती बहरली आणि पुढे पाऊस आटला तशी ती ओसरली. पटण्यासारखी गोष्ट होती. पाठ्यपुस्तकांतही रुजली.

मग १९९९मध्ये जेरुसलेमच्या येहुदा एन्झेल यांच्या गटाने लूणकरणसरचेच थर बारकाईने तपासून नवी कालरेषा छापली. या गटात डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि राजगुरूही होते. त्यांच्या मते तलाव ६३०० रेडिओकार्बन वर्षांपूर्वी अचानक भरला आणि ४८०० रेडिओकार्बन वर्षांपूर्वी पूर्ण आटला. हडप्पाची मोठी नगरं उभी राहिली ती त्यानंतर हजारेक वर्षांनी, कोरड्या हवेत. म्हणजे पाऊस आला म्हणून नगरं वसली, ही मांडणीच उलटी झाली.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण वर्तमानपत्रांतल्या लेखांत ही गल्लत मी पुन्हा पुन्हा वाचतो. ४८०० रेडिओकार्बन वर्षं म्हणजे ४८०० वर्षं नव्हेत. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण युगानुयुगं सारखं नव्हतं. त्यामुळे झाडांच्या वर्षवलयांशी ताडून ते आकडे खऱ्या वर्षांत बदलावे लागतात. ताडल्यावर ४८००चे साधारण ५५०० होतात, म्हणजे इ.स.पू. ३५००. परिपक्व हडप्पा काळ, म्हणजे मोठ्या नगरांचा, इ.स.पू. २६०० ते १९००. एका लेखातला न ताडलेला आकडा घ्यायचा, दुसऱ्यातला ताडलेला, आणि वजाबाकी करून संस्कृतीच्या उदयास्ताचं कारण सांगायचं, हा त्या गाळावर आणि त्या माणसांवर अन्याय आहे.

आम्ही सकाळी साडेसातला सरात उतरलो. परवानगीचे कागद होते, मदतीला गावातले दोघे. पहिला पाइप घणाने ठोकत दीड मीटर गेला, मग जिप्समच्या थरावर अडला. जोर लावून पुढे गेला खरा, पण वर ओढताना खालचा गाळ निसटून पडला आणि पाइप अर्धा रिकामा आला. दोन तास गेले. कोणी काही बोललं नाही. दहा पावलं सरकून पुन्हा सुरुवात केली. या वेळी वरचा दीड मीटर हाताने फिरवायच्या ऑगरने मोकळा केला आणि मग त्या भोकात पाइप उतरवला.

दुपारी पाइप उभा चिरला तेव्हा मी पहिल्यांदा ते पान डोळ्यांनी वाचलं. वर पिवळट वाळू. मग राखाडी चिकणमाती. तिच्यात केसाएवढ्या जाडीच्या पांढऱ्या रेघा, एकाखाली एक, शाळेच्या दुरेघी वहीसारख्या. मध्येच जिप्समचे स्फटिक, बोटाने चोळले की साखरेसारखे करकरणारे. पाणी आटत गेलं की आधी कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, शेवटी मीठ. हा क्रम मी फळ्यावर लिहिला होता, तो इथे उभा होता. २१४ सेंटिमीटरवर एक बोटभर काळी पट्टी. नाकाजवळ नेली तर सडक्या अंड्याचा तोच लोणारचा वास.

भाचीने काळ्या पट्टीचा तुकडा स्टीलच्या चाळणीत घेतला आणि शुद्ध पाण्याने हळूहळू धुवायला लागली. मी सवयीने वर्तमानपत्राचा कागद पुढे केला. "मामा, कागद नको, कापूसही नको, तो पण कार्बनच आहे." फक्त काच, स्टील आणि अॅल्युमिनियमचं फॉइल. पन्नास वर्षांपूर्वी वय काढायला काही ग्रॅम कार्बन लागायचा, म्हणून गाळाची अख्खी वडी जाळावी लागे, आणि त्या वडीत शेवाळ, शिंपला, वाहून आलेली जुनी माती सगळं एकत्र. आता कण-त्वरकाच्या यंत्राला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. अशी यंत्रं दिल्लीत आणि अहमदाबादेतही आहेत. म्हणून एकेक बी निवडता येतं.

चाळणीत राहिलेला चुरा तिने काचेच्या बशीत घेतला आणि भिंगाखाली चिमटा फिरवत बसली. ऊन उतरायला लागलं. तासाभराने ती म्हणाली, "मिळालं." बशीत खसखशीच्या दोन-तीन दाण्यांएवढं काळं काहीतरी होतं. नीट जपलेलं, टोकदार बी. मी हरखलो. तिने भिंग पुन्हा लावलं, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. रुपियाचं बी वाटत होतं. रुपिया ही खाऱ्या पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती. तिचं बी दिसायला कितीही चोख असलं तरी कार्बन पाण्यातला, म्हणजे तीच कंकराची भेसळ.

मला वाटलं, दिवस वाया गेला. ती मात्र चिमटा खाली ठेवायला तयार नव्हती. दिवे लागणीच्या सुमाराला त्याच बशीच्या कडेला तिला कोळशाचा कण दिसला. चपटा, चकचकीत, एका बाजूला गवताच्या काडीसारख्या समांतर शिरा. काठावरचं गवत कधीतरी जळलं असेल आणि त्याची काजळी वाऱ्याने पाण्यावर आणून टाकली असेल. गवताने कार्बन हवेतून घेतलेला, आणि गवत वर्षा-दोन वर्षांचं. मोठ्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा असता तर झाडाचंच वय शे-दोनशे वर्षांनी वाढवून मिळालं असतं. ती भीतीही नाही.

"आता रुपियाचं बी टाकू नका म्हणते मी," ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकाच थरात, एकाच वर्षाच्या आसपास पडलेले दोन साक्षीदार. एकाने हवा खाल्लेली, दुसऱ्याने पाणी. दोघांची वयं वेगवेगळी काढली की जो फरक येईल तोच त्या काळच्या तलावातला मेलेल्या कार्बनचा हिशेब. आजच्या पाण्यावरून अंदाज करायला नको. आजचं पाणी तसंही फसवं, कारण १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला होता आणि त्याची खूण अजून पुसलेली नाही.

रात्री जेवताना दोघांपैकी कोणालाच फार बोलावंसं वाटलं नाही. मदतीला आलेल्यांपैकी एकाच्या आईने बाजरीच्या रोटीवर तुपाची धार धरली आणि भाचीला विचारलं, "बाईसा, इतकं खणून सोनं निघालं का?" भाचीने फॉइलची घडी उघडून दाखवली. म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "जळकं गवत आहे." तिने ते आम्हा दोघांपेक्षा लवकर ओळखलं.

दिवस पाचवा : कालीबंगा

सूरतगढ ओलांडलं की दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक. पीलीबंगाजवळ घग्गर नदीच्या कोरड्या पात्राच्या दक्षिणेला कालीबंगा या हडप्पाकालीन नगराची टेकाडं आहेत. १९६०च्या दशकात ब्रजबासी लाल आणि बाळकृष्ण थापर यांनी इथे उत्खनन केलं. नगराआधीच्या वस्तीजवळ त्यांना नांगरलेलं शेत सापडलं. एका दिशेच्या सऱ्या साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या १९० सेंटिमीटरवर. इथले शेतकरी खणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तशाच सऱ्या पाडून एकीत कडधान्य आणि दुसरीत मोहरी घेत होते. शेत पुन्हा बुजवून जपलं आहे, दिसत नाही. संग्रहालयात मडकी, बांगड्या, विटा पाहिल्या. पण माझं मन त्या कोळशाकडे लागलं होतं, जो इथून कुलाब्याला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठच्या दशकात धर्मपाल अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांनी कालीबंगाची कार्बन-१४ वयं काढली. त्या प्रयोगशाळेच्या आकड्यांपुढे 'टीएफ' अशी अक्षरं असत. पुढे हे काम अहमदाबादला गेलं. आपल्या मुंबईत समुद्राकाठी बसून कोणीतरी या वाळवंटातल्या चुलीचं वय मोजत होतं, हे मला त्या टेकाडावर उभं राहून पहिल्यांदा खरं वाटलं.

वाद मिटलेला नाही. इथून फार लांब नाही अशा करसांडीच्या कोरड्या तलावात २०१८मध्ये केंब्रिजशी जोडलेल्या एका गटाने जिप्समच्या स्फटिकात अडकलेलं पाणी आणि गोगलगायींचे शंख तपासले. त्यांना ५१०० ते ४४०० वर्षांपूर्वीचा काळ ओलसर दिसला, म्हणजे नगरं उभी राहताना पाऊस चांगलाच होता. लूणकरणसर म्हणतं तलाव त्याआधीच आटला होता. दोन्ही तलाव एकाच मॉन्सूनचे, एकाच वाळवंटाचे. एखादा भूजलावर जगत असेल आणि दुसरा पावसावर, तर दोन्ही खरे असतील. पण कुठल्या तरी कालरेषेत हजार वर्षांची घसर असेल, तर ती बारा टक्के कंकराएवढीच असू शकते. हे ठरवायला आणखी थिअरी नको, आणखी जोड्या हव्यात. एकाच थरातलं जमिनीवरचं आणि पाण्यातलं, शेजारी शेजारी मोजलेलं. माझी भाची ते करते आहे याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी सूरतगढ स्टेशनच्या बाकावर तिने थर्मासची पेटी उघडून बर्फ बदलला. मग काचेच्या दोन नळ्या उजेडात धरल्या, पेन्सिल घेतली आणि फॉइलवर कोरल्यासारखी अक्षरं काढली. पहिलीवर 'लूणकरणसर, २१४ सेंमी, कोळसा, गवत'. दुसरीवर 'लूणकरणसर, २१४ सेंमी, बी, पाण्यातलं'. गाडीला वेळ होता. तिने दोन्ही नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून पेटीत शेजारी ठेवल्या आणि झाकण लावून पेटी मांडीवर घेतली.